लॅमिनेशनला दिलेली मार्कशीट

माझ्याकडे दहावीची मार्कशीट नाही. हरवली नाही, उंदरांनी खाल्ली नाही, ती झालीच नाही कधी. आता हे मी कुणालाही सांगते, पण गेल्या मार्गशीर्षात रत्नागिरीच्या लायब्ररीत पुस्तकं बांधायला शिकायला गेले तेव्हा हे एवढंसं वाक्य माझ्या पोटात दगडासारखं बसलेलं होतं.

अर्ज मी भरला नव्हता. आमच्या वाडीतल्या अंगणवाडीच्या बाईंनी भरला. त्यांच्या मोबाईलवर कुणीतरी पाठवलं होतं, लायब्ररीत जुन्या पुस्तकांची दुरुस्ती आणि बांधणी शिकवणार, तीन महिने, शिकलेल्याला पुढे शाळांची रजिस्टरं, ग्रामपंचायतीची दप्तरं बांधायला मिळणार, घरी बसून. घरी बसून हे वाचलं आणि माझा जीवच तिकडे लागला, कारण माझी मुलगी दीड वर्षाची, नवरा मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला येणारा, आणि मी अशी की एसटीच्या कंडक्टरने दोनदा तिकीट विचारलं तरी माझ्या तोंडून गावाचं नाव निघायचं नाही. मला घराबाहेरची सगळी माणसं ओरडणारीच वाटायची.

"दहावी पास लिहिते हां," बाई म्हणाल्या.

"बाय, माझी नववी झालीय. दहावीत दिवाळीनंतर शाळेत गेलेच नाय मी."

"गो, पुस्तकं शिवायची आहेत तुला, वाचायची नायत. कोण बघतंय?" आणि त्यांनी खाली लिहिलं, मूळ मार्कशीट नंतर सादर करीन. मी सही केली. सही करताना पेन हलत होतं आणि बाई म्हणाल्या, "हल्ली मुलींना थंडी फार वाजते."

सासूबाईंना कळलं तेव्हा त्या भाताचं तूस पाखडत होत्या. सूप थांबवून म्हणाल्या, "पुस्तकां शिवतंस? माजा ब्लाउज उसवलाय ता शिव आदी."

"शिवते ओ. पण जाऊ ना?"

"जा. पन दोनच्या गाडीनं परत आलीस पायजे. त्याच्याफुडं तुजी पोर माज्याच्यान नाय सांबाळवत. जल्ली पळते कशी ता बगितलंस?"

म्हणून मी ते तीन महिने पळतच होते. सकाळी पोरीला भरवून सड्याच्या कातळावरून खाली रस्त्याला पळत, एसटीतून उतरले की लायब्ररीपर्यंत पळत, दुपारी परत. चढावर धाप लागायची आणि मी मनात मार्कशीट, मार्कशीट करत पळायचे.

बांधणीची खोली लायब्ररीच्या मागच्या बाजूला. तिथे शिकवणारे म्हातारे चाचा. जन्मभर पुस्तकंच बांधलेली, चष्म्याची दांडी मोडलेली ती पण शिलाईच्या दोऱ्याने बांधलेली. आम्ही शिकणाऱ्या दोघीच, मी आणि दापोलीहून आलेली एक कॉलेजची मुलगी, ती इथे मावशीकडे राहायची आणि सगळ्याला "सो स्वीट" म्हणायची. लायब्ररीच्या मोठ्या मॅडम वर बसायच्या, पण दिवसातून चारदा खाली उतरायच्या, कुणी पुस्तक दोरीने करकचून बांधलं का, कुणी बोटाला थुंकी लावून पान उलटलं का, बघायला.

पहिल्या दिवशी चाचांनी एक जाडजूड पुस्तक पुढे ठेवलं, पाठ निघालेली, आत कसरीने जाळी केलेली. म्हणाले, "आज बघून घ्या. उद्या जूस करायचे. परवा जूस शिवायचे. तयारीने या."

मी मान हलवली. विचारलं नाही. दहावी पास बाई असलं विचारेल का? रात्रभर डोक्यात तेच, आणि सकाळी मी दोन लिटरच्या बाटलीत कोकमचं सरबत करून घेऊन गेले, जिरं घालून, मीठ बेताचं. म्हटलं, सगळ्यांनी काही काही आणायचं असेल, नवीन माणसं आली की करतात तसं.

दारातच मॅडम. "हे काय आहे? ह्या खोलीत पाण्याची बाटलीसुद्धा चालत नाही!"

"जूस," मी म्हटलं. "चाचा बोलले, उद्या जूस करायचे, तयारीने या."

कॉलेजची मुलगी खाली बसली हसता हसता, अक्षरशः जमिनीवर. मला वाटलं आता घालवतात मला, आत्ता, सरबतासकट. पण चाचा हसले नाहीत. त्यांनी त्या जुन्या पुस्तकातून घडी केलेल्या आठ-दहा पानांचा एक गठ्ठा अलगद वेगळा केला आणि माझ्या हातावर ठेवला.

"हा जूस. असे वीस-पंचवीस जूस मिळून पुस्तक. आमच्याकडे कुराणाचे पण तीस भाग, त्यांना जुज म्हणतात, त्यातनं आला असेल हा शब्द, काय ठाऊक. माझा बाप जूस म्हणायचा, मी जूस म्हणतो." मग बाटलीकडे बघून म्हणाले, "हा जूस पण वाया घालवायचा नाय. चला व्हरांड्यात."

व्हरांड्यात त्यांनी तीन ग्लास प्यायले. मॅडमनी अर्धा घेतला, मग आणखी अर्धा. चाचा ओठ पुसत म्हणाले, "चांगला झालाय. फक्त ह्याच्यात सुई जात नाय." तेव्हा मी पण हसले आणि रत्नागिरीत आल्यापासून पहिल्यांदा माझा श्वास पोटापर्यंत गेला.

काम मला आवडलं. एवढं आवडेल असं वाटलंच नव्हतं. आमच्याकडे खारी हवा, दमट, पुस्तकाचं पान पावसाळ्यात पापडासारखं मऊ होतं आणि उन्हाळ्यात पापडासारखंच मोडतं. आधी मऊ ब्रशने धूळ काढायची, मधून कडेला, कडेकडून मधे नाही. मग जुनी शिलाई कापून जूस वेगळे. मग फाटलेल्या जागी पातळ कागद लावायचा, इतका पातळ की हातात धरला की पलीकडची खिडकी दिसते. तो लावायला मैद्याची खळ. खळ शिजवायला चाचांनी मला बसवलं, आणि गाठ होऊ न देणं मला कुणी शिकवायला नको, रोज सकाळी उकड घाटते मी. सुंदर झाली, दुधासारखी. चाचांनी बोट बुडवलं, बोटावर चोळली, हुंगली, मग जिभेवर ठेवली आणि माझ्याकडे बघितलं.

"मीठ टाकलंस?"

टाकलं होतं. हाताला सवय, चिमूट कधी गेली कळलंच नाही.

"अगे बाय, कसरीला जेवायला बोलावलंस काय? मीठ पाणी ओढतं. परत कर." आणि दापोलीवालीला म्हणाले, "पण बघ, एक पण गाठ नाय."

ते वाक्य मी घरी नेलं. सासूबाईंना सांगितलं, चाचा म्हणाले एक पण गाठ नाय. त्या म्हणाल्या, "मग? मी शिकवला तुला ता." त्या दिवशी मी जुन्या कॅलेंडरची पानं कापून, चार जूस करून, पोरीला एक पुस्तक शिवलं. दर पानावर एक महिना उलटासुलटा. ती ते तोंडात घालायची, आपटायची, त्याच्यावर बसायची, पण शिलाई सुटली नाही. मी रोज संध्याकाळी तपासायचे.

फक्त सोमवार वाईट. दर सोमवारी ऑफिसातले भाऊ, तिथले क्लार्क, हजेरीचं पुस्तक सरकवायचे आणि वर न बघता म्हणायचे, "मार्कशीट?"

पहिल्या सोमवारी मी म्हटलं, ट्रंकेची किल्ली मिस्टरांकडे आहे, मुंबईला. दुसऱ्या सोमवारी म्हटलं, किल्ली पाठवलीय, पोचायचीय. तिसऱ्या सोमवारी किल्ली पोचली पण ट्रंकेचं कुलूप गंजलंय. भाऊ म्हणाले, "ताई, तुमची ट्रंक बघायला एकदा आलं पाहिजे." चौथ्या सोमवारी सांगायला नवीन काही सुचेना म्हणून मी ऑफिसच्या बाजूने गेलेच नाही, मागच्या दाराने आत. पाचव्या सोमवारी भाऊंनी मागच्या दारात गाठलं, शेजारी मॅडम उभ्या.

"ताई, आज अखेरचं. मार्कशीट?"

माझं डोकं रिकामं झालं आणि आमच्याकडे कागदाचं जे सगळे करतात तेच तोंडातून निघालं. "लॅमिनेशनला दिलीय."

बांधणीच्या खोलीत चाचांचा हातोडा थांबला. दापोलीवालीने "ओ नो" म्हटलं. मॅडमनी चष्मा काढला.

"लॅमिनेशन? इथे शिकतेस आणि लॅमिनेशन? अगं कागदाला श्वास लागतो. प्लास्टिकात कोंडलास की आतल्या आत पिवळा पडतो, बुरशी धरतो, आणि परत काढायचा म्हटलं तर अर्धी शाई प्लास्टिकला. कुठे दिलीस? फोन कर, थांबव!"

"झाली असेल आता," मी म्हटलं. मला दुसरं सुचलंच नाही.

"झाली असेल." मॅडमनी चष्मा परत लावला. मग त्यांचा चेहरा एकदम बदलला, आनंदी झाला, आणि मला तेच जास्त भयानक वाटलं. "ठीक आहे. मी तुम्हाला लॅमिनेशन सोडवणं शिकवणारच होते, टाकाऊ कागदावर. आता खऱ्याखुऱ्या कागदावर शिकवते. शुक्रवारी मार्कशीट घेऊन ये. आपल्या मुलीची मार्कशीट आपण वाचवायची."

"मी व्हिडिओ काढते," दापोलीवाली म्हणाली.

भाऊ म्हणाले, "म्हणजे शुक्रवारपर्यंत थांबतो मी," आणि हजेरीच्या पुस्तकात पेन्सिलने लिहिलं, शुक्र.

चार दिवस. मंगळवारी मी एक जूस उलटा शिवला. बुधवारी सुई बोटात. चाचा म्हणाले, "तुझ्या मार्कशीटची काळजी करू नको, मॅडमचा हात हलका हाय." गुरुवारी मी घरी येऊन पडवीत बसले आणि रडले, पोर मांडीवर, ती माझं नाक पकडून बघत होती.

"काय झाला?" सासूबाई.

मी सगळं सांगितलं. अर्ज, सही, किल्ली, कुलूप, लॅमिनेशन. एका श्वासात.

त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मंग नको जाव उद्या. ताप आलाय सांग."

"आणि परवा?"

"परवा पन ताप." मग त्या पोरीला उचलून घेत म्हणाल्या, "पन त्या म्हाताऱ्याची खळ कोन शिजवील? ती दापोलीची गाठी करते म्हनतंस."

मी उठले आणि ट्रंक उघडली. कुलूप वगैरे काही नव्हतंच तिला. तळाशी, मतदार कार्डाच्या खाली, माझा शाळा सोडल्याचा दाखला होता. मी आयुष्यात सांभाळलेला शाळेचा तेवढाच कागद. आणि तो लॅमिनेशन केलेला. माझ्या बाबांनी करून आणला होता, मी शाळा सोडली त्याच आठवड्यात, बाजारातून मासळीबरोबर घेऊन आले, म्हणाले, आता हा तुझ्या नातवंडांपर्यंत टिकेल. त्याचा एक कोपरा फुगला होता, आत दमट तपकिरी डाग. मी तो पिशवीत घातला. का घातला ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. दुसरं काही नव्हतंच द्यायला.

शुक्रवारी टेबलावर पांढरं कापड अंथरलेलं. इस्त्री, घड्या दाबायची हाडाची पट्टी, चिमटा, सगळं मांडलेलं. चाचा, मॅडम, दापोलीवाली मोबाईल धरून, आणि भाऊ तर खुर्ची घेऊनच आलेले. मी दाखला मध्ये ठेवला.

मॅडम वाकल्या आणि मोठ्याने वाचायला लागल्या, जसं कुठलंही जुनं पान वाचतात तसं. "शाळा सोडल्याचा दाखला. प्रगती, समाधानकारक. वर्तणूक, चांगली." इथे त्या थांबल्या. "इयत्ता दहावीत शिकत होती. शाळा सोडण्याचे कारण, पालकांच्या विनंतीवरून." मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मार्कशीट कुठेय?"

"नाय," मी म्हटलं. "नायच आहे. नववी झालेय मी, दहावीत दिवाळीपर्यंत, मग बाबांचं पाठीचं झालं आणि मी आंब्याच्या पेट्या भरायला गेले, आणि अर्जात खोटं लिहिलंय, सही माझीच आहे, बाईंचा काही दोष नाय, आणि किल्ली पण खोटी आणि कुलूप पण खोटं, ट्रंकेला कुलूपच नाय, मला काढायचं तर काढा पण चालू पुस्तकाचे सहा जूस राहिलेत तेवढे शिवून जाते."

दापोलीवालीने मोबाईल खाली केला.

भाऊ म्हणाले, "गंजलेलं कुलूप तर मला पटलं होतं."

मॅडम रागावल्या होत्या. खऱ्या रागावल्या होत्या, कान लाल. "अर्जात खोटं लिहिणं ही लहान गोष्ट नाही. माझ्या एकटीच्या हातातलं नाही हे. लायब्ररीच्या समितीला कळवावंच लागेल. ते काय ठरवतील ते ठरवतील."

"हो," मी म्हटलं.

चाचांनी दाखला आपल्याकडे ओढला, फुगलेला कोपरा नखाने दाबून बघितला. "समिती बसेल तेव्हा बसेल. इस्त्री तापलीय. कोपरा आपसूकच उघडायला आलाय, मॅडम. हे सोडून द्यायचं?"

मॅडमनी इस्त्रीकडे बघितलं. मग पदर खोचला.

त्यांनी मला समोर बसवलं. कापडावरून कोमट इस्त्री, क्षणभर, उचल. हाडाची पट्टी कोपऱ्यातून आत, कागदाला नाही, प्लास्टिकला चिकटून. एक केसभर सरकायचं, थांबायचं. परत इस्त्री. "श्वास सोड," मॅडम म्हणायच्या, "धरून ठेवलास की हात थरथरतो." चाचा दुसऱ्या बाजूने प्लास्टिक धरून, मागे वळवत. शाळेचा शिक्का आला तेव्हा त्याची जांभळी शाई प्लास्टिकबरोबर उठायला लागली, मॅडमनी "थांब!" म्हटलं, आणि आम्ही चौघंही थांबलो, भाऊ पण खुर्चीतून उठलेले. मग शिक्क्याच्या बाजूने वळसा घालून, उलट दिशेने गेले मी. मला कुणी सांगितलं नव्हतं. कापा फणस सोलताना गऱ्याला धक्का लागेल असं वाटलं की सुरी जशी फिरवतो तशी फिरवली पट्टी. शिक्का कागदावरच राहिला. कडेला एक चीर गेली बोटभर, ती मी पातळ कागद आणि खळीने जोडली.

प्लास्टिक सुटलं. खाली माझा दाखला, उघडा, मऊ, किंचित ओलसर. मी हात फिरवला. अकरा वर्षांनी बोटाला तो कागद लागला. वर्गशिक्षिकेची सही किती जोरात केलेली, मागून उठलेली होती, ते प्लास्टिकातून कधी कळलंच नव्हतं.

"शाबास," मॅडम म्हणाल्या, आणि मग त्यांना आठवलं की त्या रागावल्यात. "पण समितीला मी कळवणार."

भाऊ दाखला टेबलाच्या या बाजूने बघत होते, त्या बाजूने बघत होते. म्हणाले, "ताई, सतरा नंबरचा फॉर्म माहीत आहे?"

मी मान हलवणार होते. थांबले. "नाय. काय असतो?"

"बाहेरून दहावीला बसायचा. शाळेत जायला लागत नाही, घरी अभ्यास करायचा. माझ्या बायकोने भरला होता लग्नानंतर. त्याला हाच लागतो," त्यांनी दाखल्याकडे बोट केलं, "मूळ दाखला." मग हजेरीचं पुस्तक उघडून पेन्सिलीचा शुक्र त्यांनी खोडला.

तो पुढचा आठवडा मी कामाला गेले, पण पाहुणीसारखी. कुठल्याही क्षणी कुणी म्हणेल, बाई, निघा. मी जास्तच शिवत होते. सहा जूस झाले, मग दुसऱ्या पुस्तकाचे अकरा. चाचा म्हणाले, "जरा हळू, मला पण काहीतरी ठेव."

पुढच्या गुरुवारी एक वाजून गेलेला. मी पिशवी आवरत होते, दोनची गाडी. भाऊ समितीचा कागद घेऊन आले आणि दारातच वाचायला लागले. भाषा अशी की मला एक शब्द कळेना. सदर प्रशिक्षणार्थीने, अर्जातील चुकीच्या माहितीबाबत, लेखी खुलासा, सक्त ताकीद. सक्त ताकीद ऐकून मी पिशवी छातीशी धरली. मग ते म्हणाले, "प्रशिक्षण पूर्ण करण्यास समितीची हरकत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे हरकत नाही. म्हणजे राहायचं. ऐका, पुढे आहे अजून, प्रमाणपत्र मात्र दहावी उत्तीर्ण झाल्यावरच—"

मी पुढचं ऐकलंच नाही. गाडी. मी पळाले. मागून दापोलीवाली ओरडत होती, चाचा काहीतरी म्हणत होते, मी हात केला आणि पळाले, नाक्यावर गाडी लागलेलीच होती, मी चढले, आणि कंडक्टरने विचारायच्या आधी मी गावाचं नाव सांगितलं, मोठ्याने, पुढच्या सीटवरची माणसं वळून बघायला लागली इतकं मोठ्याने.

मिरजोळे गेल्यावर पायाला गाडीचा पत्रा लागला म्हणून खाली बघितलं. अनवाणी. चपला बांधणीच्या खोलीबाहेर राहिलेल्या. मी एकटीच हसायला लागले. शेजारच्या आजी माझ्या पायांकडे बघून म्हणाल्या, "नवस आहे काय गो?" मी म्हटलं, "नाय ओ आजी, पास झाले. म्हणजे व्हायचंय अजून."

सडा दुपारचा तापलेला. कातळावरून मी एका पायावर, मग दुसऱ्या पायावर, गवताच्या पट्ट्या शोधत, उड्या मारत घरी आले. सासूबाई घरापुढच्या खळ्यात उभ्या, पोर कडेवर.

"चपला खय?"

"लायब्ररीत. आई, राहायला सांगितलंय! काढलं नाय!"

"मंग चपला का काढून घेतल्या तुज्या?"

"घेतल्या नाय ओ, राहिल्या. आणि दहावीला बसायचंय मला. सर्टिफिकेट मग मिळणार."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. पोर माझ्याकडे झेप घेत होती आणि मी धापा टाकत होते, तिला घ्यायला हात पुढे केले तर हाताला खळ तशीच वाळलेली.

"गनित हाय काय त्याच्यात?" सासूबाईंनी विचारलं.

"आहे."

"देवा," त्या म्हणाल्या, आणि पोर माझ्याकडे न देता परत आपल्या कडेवर नीट बसवली. "जा, पाय धू आदी. आनि त्या हापिसातल्या भावाला इचार, पुस्तकां कदी मिळतील. दोनच्या गाडीचा आपन नंतर बगू."